इंदूरची माणिकबाग

अमझेऱ्याच्या रणभूमीवर १७२८ साली चिमाजी अप्पांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला आणि मराठी सरदार घराण्यांना माळव्यात पाय रोवता आले. धारला पवार, इंदूरला होळकर. अमझेऱ्याहून धारमार्गे इंदूरला जाताना हा इतिहास आम्हांस हटकून आठवतो. इंदुरात पाहुण्यांस राजवाडा आणि लालबाग दाखविण्याचा प्रघात आहे. माणिकबागेचे नाव मात्र सहसा कोणी काढीत नाही.

दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३० ते १९३३ या काळात हा महाल उभारविला. स्थपती एकार्ट मुथेसियस हे जर्मन, वय अवघे पंचविशीच्या आसपास. घुमट नाहीत, नक्षीदार खांब नाहीत. पण या वास्तूचे मर्म आमच्या मते भिंतींत नव्हतेच. ते आतील सामानात होते. अभ्यासिकेत रुलमान यांचे मेज, शयनगृहात धातू व काच यांचे पलंग, आयलीन ग्रे यांची आरामखुर्ची, पायांखाली दा सिल्वा ब्रून्स यांचे गालिचे. खोलीचे माप, दिव्याचा उजेड आणि खुर्चीची बैठक यांचा विचार येथे एकत्र झाला होता. गंमत अशी, की याच महाराजांनी फ्रेंच चित्रकार बूते द मोंव्हेल यांच्याकडून मराठी पेहरावातील, गादीवर बसलेले आपले चित्रही काढविले!

ब्रांकुशी यांची ‘अवकाशातील पक्षी’ ही तीन शिल्पे महाराजांनी घेतली. त्यांच्यासाठी इंदुरात ध्यानमंदिर व्हावयाचे होते; शिल्पकार स्वतः येऊनही गेले. मंदिर झाले नाही. दोन संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत, तर ब्राँझचा अमेरिकेत पॅसाडेनाला.

सामानाचा मोठा भाग १९८० साली मॉन्टे कार्लो येथे लिलावात गेला. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयाने या महालावर मोठे प्रदर्शन भरविले. इकडे महालात केंद्रीय करखात्याची कचेरी. कचेरीने इमारत वापरात ठेवली, हे मान्य; परंतु मेजावाचून ती अभ्यासिका कशी कळावी? इंदूरच्या मुलाला आपल्या गावची खुर्ची पाहण्यास परदेशी जावे लागावे, हे आम्हांस खटकते. मुथेसियस यांनी स्वतः टिपलेली महालाची छायाचित्रे उपलब्ध आहेत. त्यांच्या प्रती लालबागेत एका दालनात लावणे काही अशक्य नाही.

आणखी एक. ज्या घरांतील वडीलधारी मंडळी माणिकबागेत चाकरीस होती, त्यांनी ऐकलेल्या आठवणी लिहून काढाव्यात. ते काचेचे दिवे कोण पुसत असे, पावसाळ्यात गालिचे कोठे ठेवीत, एवढे जरी कळले तरी आम्हांस हवे आहे.