अध्यक्षांच्या दप्तरातली यादी

एखाद्या महाविद्यालयाच्या जुन्या अध्यक्षाची कागदपत्रं समोर आली की बहुतेक अभ्यासक आधी पत्रांकडे वळतात. मी आधी हिशेब काढते. पत्र लिहिताना माणूस स्वतःला सांभाळून लिहितो. हिशेबाला मात्र किती आले, किती गेले, कुणाच्या नावावर, एवढंच सांगायचं असतं. पुराभिलेखाच्या कामात लागलेली माझी ही सवय फादर थॉमस मलेडी यांच्या कागदांनी कायमची पक्की केली.

वॉशिंग्टनमधलं जॉर्जटाउन हे अमेरिकेतलं सर्वांत जुनं कॅथलिक महाविद्यालय, स्थापना १७८९ची. व्हर्जिनियात जन्मलेले, रोममध्ये शिकलेले, जेसुइट या कॅथलिक धर्मसंघातले मलेडी १८२९मध्ये त्याचे अध्यक्ष झाले. त्यांनी मोठ्या इमारती उभारल्या आणि त्यासाठी कर्ज काढलं. पुढे ते मेरीलँड प्रांतातल्या सगळ्या जेसुइटांचे प्रमुख झाले. या प्रांताचे स्वतःचे मळे होते आणि तिथे राबणारी माणसंही जेसुइटांच्याच मालकीची होती. १९ जून १८३८ रोजी मलेडींनी एका करारावर सही केली. लुइझियानाचे माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन आणि जेसी बेटी या दोघांना २७२ माणसं विकली. किंमत १,१५,००० डॉलर. पहिल्या हप्त्याचे २५,००० आले, त्यातले सुमारे १७,००० महाविद्यालयाच्या कर्जात गेले.

रोमहून जेसुइटांचे सर्वोच्च प्रमुख यान रोथान यांनी विक्रीला परवानगी देताना अटी घातल्या होत्या. कुटुंबं तोडायची नाहीत, माणसांना आपला धर्म पाळता आला पाहिजे आणि आलेला पैसा कर्ज फेडायला वापरायचा नाही. अटींचं पत्र आणि जमाखर्च शेजारी ठेवले की वेगळं भाष्य करावं लागत नाही. हे दोन्ही कागद आज हाताशी आहेत, ते जेसुइटांच्या लिहिण्याच्या शिस्तीमुळे. जगात कुठेही असलेल्या जेसुइटानं रोमला कळवत राहायचं, हा त्यांचा नियम. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सनी गोव्याहून रोमला पत्रं पाठवली, ती याच शिस्तीतून. अट आणि अटभंग दोन्ही एकाच व्यवस्थेनं जपून ठेवावेत, असं क्वचित घडतं.

या प्रकरणावरून मलेडींना पद सोडून रोमला जावं लागलं. पण ते १८४३मध्ये परतले, वूस्टरच्या होली क्रॉस महाविद्यालयाचे पहिले अध्यक्ष झाले आणि १८४५मध्ये पुन्हा जॉर्जटाउनचे. हा भाग वाचताना मला दर वेळी संताप येतो.

करारातली यादी सुरू होते आयझॅकपासून. वय ६५. मग त्याचा थोरला मुलगा चार्ल्स, ४०. मुलगी नेली, ३८. बहुतेकांची नुसती पहिली नावं, वयं आणि नाती. कुणाला कुठे धाडायचं हे समजावं म्हणून केलेली ही नोंद. तिचं मोल कळायला एक गोष्ट माहीत हवी. अमेरिकेच्या १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांची नावं नाहीत. मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण, इतकंच. नावानिशी नोंद झाली ती १८७०मध्ये. त्यामुळे आपलं कूळ शोधणारी बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबं १८७०पाशी येऊन अडतात. या २७२ जणांच्या वंशजांना मात्र पलीकडे जाता येतं.

त्यासाठी यादी एकटी पुरत नाही. नोव्हेंबर १८३८मध्ये यांतल्या अनेकांना घेऊन अलेक्झांड्रियाहून ‘कॅथरीन जॅक्सन’ हे जहाज न्यू ऑर्लिन्सला निघालं. समुद्रमार्गे गुलाम नेणाऱ्या कप्तानानं प्रत्येकाचं नाव, वय आणि उंची लिहून द्यावी, असा १८०७चा कायदा होता. ते पत्रक राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. जेसुइट पाद्र्यांनी लिहिलेल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत आईबापांची नावं मिळतात. हे सगळं लावून पाहिल्यावर कळतं की यादीतली काही माणसं लुइझियानाला गेलीच नाहीत. आमच्या पेशवे दप्तरातही कुणबिणींचा, म्हणजे गुलाम स्त्रियांचा, माग असाच लागतो. खर्चाच्या नोंदीत एक नाव आणि समोर रक्कम.

२०१६मध्ये या विक्रीची बातमी जगभर गेली, तेव्हा ‘दडवलेले कागद सापडले’ असा सूर काही ठिकाणी लागला. तो चुकीचा आहे. प्रांताचं दप्तर जॉर्जटाउनच्या ग्रंथालयात कितीतरी वर्षं वाचकांसाठी खुलं होतं. इतिहासकारांनी त्यावर लिहिलं होतं. १९९०च्या दशकात विद्यार्थ्यांनी त्यातले काही कागद इंटरनेटवरही टाकले होते. पण तोवरचे प्रश्न बहुधा विकणाऱ्यांविषयी होते. विकले गेलेले पुढे कुठे गेले, हा प्रश्न नेटानं विचारला गेला २०१५नंतर, विद्यार्थ्यांच्या आंदोलनातून आणि वंशजांच्या शोधातून. २०१७मध्ये, पूर्वी मलेडींचं नाव असलेल्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचं नाव दिलं गेलं. यादीतला पहिला माणूस, आता आडनावासह.

त्याच दप्तरात आणखी एका अध्यक्षाची पत्रं आहेत. पॅट्रिक हीली, जन्म १८३४, जॉर्जिया. वडील आयरिश मळेवाले, आई एलायझा त्यांचीच गुलाम. मुलाला आईचा दर्जा मिळे, त्यामुळे कायद्यानं हा मुलगाही गुलामच. वडिलांनी मुलांना उत्तरेला होली क्रॉसमध्ये धाडलं, तेव्हा तिथले अध्यक्ष मलेडीच होते. तरुण वयात तिथेच शिकवत असताना हीलींनी १८५३मध्ये आपले मार्गदर्शक फादर जॉर्ज फेनविक यांना पत्र लिहिलं. लोकांचे शेरे काळजाला लागतात, असं त्यात आहे. शेरे कशाबद्दल, हे त्यांनी लिहिलेलं नाही. फेनविकना ते ठाऊक होतं. पत्रंही मी वाचते, ती अशा गाळलेल्या जागांसाठी. १८७४मध्ये हीली जॉर्जटाउनचे अध्यक्ष झाले. विद्यापीठाची सर्वांत देखणी इमारत आज त्यांच्या नावानं ओळखली जाते.

महाराष्ट्रात शंभरी ओलांडलेल्या शिक्षणसंस्था पुष्कळ आहेत. संस्थापकांची पत्रं त्या जपतात, गौरवग्रंथ काढतात. वसतिगृहाची हजेरीपत्रकं, शिपायांच्या पगाराच्या पावत्या, कोठीच्या हिशेबवह्या मात्र इमारतीच्या दुरुस्तीत रद्दीत जातात. तुम्ही अशा संस्थेच्या कार्यकारिणीवर असाल, तर रद्दीवाल्याआधी जवळच्या पुराभिलेखागाराला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला फोन करा. आणि गठ्ठे जसे बांधलेले असतील तसेच राहू द्या, विषयवार लावायला जाऊ नका. कुठल्या वहीशेजारी कुठला कागद होता, हेही आम्हाला वाचायचं असतं.