इमारत वजा करून उरते ते

हरित इमारतीच्या प्रमाणपत्राची फाइल बनवताना सौर पॅनेल आणि पाण्याचे नळ यांची गणिते पटकन जुळतात. वाद होतो तो नकाशावरच्या एका रेषेवरून: इमारत कुठे संपली आणि मोकळी जागा कुठून सुरू झाली?

पुण्यातल्या एका कार्यालयीन संकुलाचे एरिया स्टेटमेंट माझ्याकडे तपासायला आले, तेव्हा इमारत सोडून उरलेला सगळा प्लॉट हिरवा रंगवलेला होता. गाड्यांचा रॅम्प, अग्निशमन बंबाचा रस्ता, ट्रान्सफॉर्मरचा ओटा, सगळेच हिरव्यात. साइट इंजिनिअरचे म्हणणे सरळ होते, ‘‘मॅडम, इमारत नाही म्हणजे मोकळी जागाच की!’’

तसे नसते. ‘लीड’ या हरित इमारतींच्या प्रमाणपत्र पद्धतीत फुटप्रिंट म्हणजे इमारतीच्या आराखड्याच्या परिघाने व्यापलेली जमीन. पार्किंग त्यात धरत नाहीत. पण इमारतीतून वगळलेले पार्किंग आपोआप मोकळ्या जागेत जाऊन बसत नाही. २०१३ साली आलेल्या लीडच्या चौथ्या आवृत्तीत फुटप्रिंटसह एकूण प्लॉटच्या किमान ३० टक्के जागा बाहेरची मोकळी जागा म्हणून लागते; माणसांना तिथे जाता, बसता, खेळता, बागकाम करता आले पाहिजे किंवा ती, माणसांना वावर ठेवून, निसर्गासाठी राखलेली हवी. त्यातल्या निदान २५ टक्के भागावर झाडेझुडपे हवीत, नाहीतर वर झाडांची सावली. म्हणजे दहा हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर तीन हजार चौरस मीटर मोकळी जागा आणि त्यात साडेसातशे चौरस मीटर हिरवाई.

या हिरवाईत लॉन मोजत नाहीत. बैठकीत सर्वांत जास्त अस्वस्थता पसरली ती इथे, कारण दर्शनी भागातली हिरवळ मालकांच्या मनात पक्की बसली होती. मला हा नियम मनापासून पटतो. लॉनला उन्हाळाभर पाणी पाजायचे आणि सावली तर कुणालाच मिळत नाही. तेवढ्याच जागेत करंज, बहावा लावले तर पाखरेही येतात.

मग पोडियमवरची बाग पुढे आली. दाट बांधकामाच्या, म्हणजे प्लॉटच्या दीडपट चटईक्षेत्र असलेल्या प्रकल्पांना लीड गच्चीवरची हिरवाई मोजू देते, तीही लोकांना तिथे जाता येत असेल तरच. आमचा प्रकल्प त्यात बसत नव्हता. मुंबईतल्या एका प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये स्पष्ट सांगितले, की नियमाने सोडायची किमान आर.जी., म्हणजे खेळण्या-विरंगुळ्याची मोकळी जागा, जमिनीवरच हवी, पोडियमवरची त्याशिवाय वेगळी. कारण उघड आहे. स्लॅबवर अंथरलेल्या मातीतून पावसाचे पाणी भूजलापर्यंत पोहोचत नाही आणि वडा-पिंपळाची मुळे तिथे मावत नाहीत.

शेवटी आम्ही रॅम्प, रस्ता आणि ओटा काढून टाकून हिशेब नव्याने मांडला. लॉनचा मोठा भाग गेला, त्या जागी देशी झाडे आली. पण तळघर प्लॉटच्या कडेपर्यंत आधीच खोदून झाले होते, त्यामुळे मोठ्या झाडांना खोल माती एकाच कोपऱ्यात उरली. म्हणून आर्किटेक्ट मित्रांना कळकळीची विनंती: तळघराची हद्द ठरवण्याआधी झाडांची जागा नकाशावर आखा.