एका चुटकीची गोष्ट

यजमानानें पाहुण्यास गूळपाणी द्यावें आणि पाहुण्यानेंही यजमानाच्या घरीं जपून वागावें, ही आपली जुनी चाल आहे. परंतु तिकिटाचे पैसे जसजसे वाढतात, तसतसा आपला पाहुणेपणा सरतो व धनीपणा चढतो, असा अनुभव आम्हांस एकदां आला. तो दुसऱ्या कोणाविषयीं नसून आमच्याच विषयीं आला, म्हणून येथें सांगण्याचें धाडस करितों.

२०२३ सालच्या डिसेंबरांत एका विवाहासाठीं आम्ही आमच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांसह मुंबईहून दिल्लीस विमानानें निघालों. दिल्लीस दाट धुकें पडल्यामुळें विमान तीन तास उशिरां सुटावयाचें होतें. धुकें कोणा माणसानें पाडलेलें नाहीं, हें आम्हांस कळत होतें. पण राग कोणावर तरी काढावयाचा असतो! पिशवी मांडीवर घेऊन आम्ही बसलों होतों. एका तरुण हवाई सेविकेनें ती समोरच्या आसनाखालीं ठेवण्याची विनंति केली. आम्हीं ऐकून न ऐकल्यासारखें केलें. तिनें पुन्हां विनंति करतांच आम्ही चढ्या आवाजांत म्हणालों, "तीन तास बसवून ठेवलेंत, त्याचें आधीं बोला, पिशवीचें मग पाहूं!"

"माफ करा, सर," एवढेंच ती म्हणाली. वांकून तिनें स्वतःच पिशवी खालीं सारली आणि पुढें गेली. पुढें तहान लागली, तेव्हां आम्हीं तिला चुटकी वाजवून बोलाविलें.

अर्ध्या वाटेवर पुढच्या रांगेंतील एका वृद्ध गृहस्थांस घेरी आली. तीच मुलगी धांवत आली. तिनें त्यांस आडवें केलें, प्राणवायूचें नळकांडें आणविलें, प्रवाशांत कोणी डॉक्टर आहेत काय, अशी हांक दिली, आणि ते सावध होईपर्यंत त्यांचा हात हातांत धरून ती गुडघ्यांवर बसून राहिली. त्यानंतर ती आमच्याकडे आली व विचारूं लागली, "सर, आपल्याला आणखी पाणी हवें आहे का?" आम्हीं मान हलविली. शब्द मात्र फुटला नाहीं.

खरी शिक्षा परतीच्या विमानांत मिळाली. आमच्या चिरंजीवांनीं दुसऱ्या एका सेविकेस पाहून, अगदीं आमच्याच ऐटींत, बोटांची चुटकी वाजविली. आम्ही रागावलों, तेव्हां तो निरागसपणें म्हणाला, "बाबा, असेंच बोलवायचें असतें ना?" त्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्ही उठून त्या सेविकेपाशीं गेलों व दोघांच्याही वतीनें क्षमा मागितली. ती हंसली आणि तिनें चिरंजीवांस नांव विचारलें. पण जिची क्षमा खरोखर मागावयाची होती, ती मुलगी आम्हांस पुन्हां भेटली नाहीं.

घरीं आल्यावर थोड्याच दिवसांत वर्तमानपत्रांत एक वृत्त आलें. २ जानेवारी २०२४ रोजीं टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरतांना एका प्रवासी विमानाची तटरक्षक दलाच्या विमानाशीं टक्कर झाली. त्या लहान विमानांतील पांच जण दगावले. परंतु पेटलेल्या प्रवासी विमानांतील ३७९ माणसें जिवंत बाहेर पडलीं. सेवकवर्गानें सांगितल्याप्रमाणें प्रवाशांनीं सामान तेथेंच टाकलें होतें, म्हणून वाटा मोकळ्या राहिल्या. मोठें विमान उडविण्यास परवानगी मिळण्यापूर्वीं, निम्मीं दारें बंद असतांही सर्व माणसें ९० सेकंदांत बाहेर पडूं शकतात, हें सिद्ध करावें लागतें. मांडीवरच्या आमच्या पिशवीचा अर्थ तेव्हां आम्हांस उमगला.

आपण या मुलींस 'हवाईसुंदरी' म्हणतों. या नांवांत रूप दिसतें, काम दिसत नाहीं. १९३० सालीं अमेरिकेंत हें काम पत्करणारी पहिली स्त्री, एलेन चर्च, ही शिकलेली परिचारिका होती. शिवाय तिला विमान चालवितां येत होतें. आपल्या नीरजा भनोत यांचें स्मरण तर प्रत्येकानें ठेवावें. ५ सप्टेंबर १९८६ रोजीं मुंबईहून गेलेलें विमान कराचीस अतिरेक्यांनीं ताब्यांत घेतलें, तेव्हां प्रवाशांना वांचवितांना त्यांनीं प्राण दिले. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. राष्ट्रानें त्यांस मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केलें.

विद्यार्थिमित्रहो, विमानांत बसाल तेव्हां सेविकेच्या वा सेवकाच्या नमस्कारास नमस्कारानें उत्तर द्या. संकटकाळच्या सूचना ते करून दाखवितात, तेव्हां त्यांजकडे पाहा. निदान कानांतलीं यंत्रें काढा. कांहीं हवें असल्यास डोक्यावरची कळ दाबा. अंगास हात लावूं नका. उतरतांना आपला कचरा आसनावर टाकून जाऊं नका. आणि ज्या घरांतून तुम्ही विमानापर्यंत जातां, तेथें भांडीं घांसावयास येणाऱ्या मावशींसही याच सुरांत बोलण्याची संवय ठेवा.

पालकबंधुभगिनींस एवढीच विनंति: मुलें आपलें बोलणें ऐकतात, त्याहून अधिक आपलीं बोटें पाहतात. आमच्या घरीं आतां चुटकी वाजत नाहीं. कधीं चुकून आमचा हात वर गेलाच, तर चिरंजीव आमच्याकडे नुसते पाहतात, आणि आम्ही तो मुकाट्यानें खालीं घेतों.