माळ्यावरची गिटार

श्रावण सरत आला की आमच्या घरांतले माळे रिकामे होतात. पर्युषणाआधीची झाडलोट. आई गेल्यापासून निपाणीचं ते मोठं घर भावजयीला एकटीला आवरत नाही, म्हणून यंदा बेळगावहून मीही गेले. हंडे निघाले, पापडाचे पाट निघाले, जुनी पंचांगं निघाली. आणि अगदी कोपऱ्यात आप्पांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली गिटार निघाली. तारा गंजलेल्या, एक तुटलेली.

"आत्या, ही कुणाची?" भाचीनं विचारलं. बेळगावात इंजिनिअरिंगला आहे ती. आपले बाबा कधी गिटार वाजवत होते, हे तिच्या गावीही नव्हतं.

"तुझ्या बाबांची," एवढंच म्हणाले. पुढचं घशात अडकलं. कारण ती गिटार माळ्यावर गेली त्यात माझा हात होता.

माझा भाऊ १९८६ साली शिकायला मुंबईला गेला. मी तेव्हा अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात बी. ए. करत होते. घर कर्नाटकात आणि कॉलेज महाराष्ट्रात, असं आमच्या निपाणीकरांचं रोजचंच. १९८९ साली लग्न होऊन मी बेळगावला गेले. पहिल्या दिवाळीला माहेरी आले तर सोप्यात टेपवर काहीतरी दणदणत होतं. भाऊ गिटार घेऊन त्याच्याबरोबर वाजवत बसलेला.

"अक्का, ऐक तरी. रॉक मशीन. आपल्या मुंबईच्या पोरांचा बँड आहे."

"मग इंग्रजीत काय ओरडतायत?"

"भाषा इंग्रजी, पण गाणी त्यांची स्वतःची. उसनी नाहीत."

ते का महत्त्वाचं होतं, हे त्यानं मला समजावलं. मुंबईत तेव्हा रॉक वाजवायचं म्हणजे परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवायची. पोरांना तेच हवं असायचं. १९८४ साली निघालेल्या या बँडनंही सुरुवात तशीच केली. पण १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा आपल्याच गाण्यांचा अल्बम त्यांनी काढला. गायक उदय बेनेगल, बासवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बलपोरिया आणि गिटारवर महेश तिनईकर. "तिनईकर? म्हणजे आपल्याच बाजूचा की रे!" आई म्हणाली आणि बिनधास्त चकल्या तळायला गेली.

आप्पा मात्र गप्प होते. गंमत म्हणजे 'ईना मीना डीका' लागलं की वखारीत हेच आप्पा बोटांनी ठेका धरायचे. भावानं नेमकं तेच काढलं. "आप्पा, १९५७ साली 'आशा' सिनेमात सी. रामचंद्रांनी ते गाणं केलं. पुणतांब्याचा आपला माणूस. हा रॉक अँड रोलचा ठेका त्यांनी तेव्हाच आणला." मग त्यानं पार मूळच गाठलं. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांची खेडवळ गाणी आणि काळ्यांचा ब्लूज यांची गाठ पडली, १९५४ साली मेम्फिसमध्ये एल्विस प्रिस्लेनं ते गायला सुरुवात केली, त्याला पुढे रॉकाबिली म्हणू लागले. आणि पंचवीस वर्षांनी लंडनच्या 'द क्लॅश'सारख्या बंडखोर बँडनं तेच जुनं वाजवणं पुन्हा हातात घेतलं. "एकाचं दुसरा उचलतो, आप्पा, आणि आपलं करतो."

"सिनेमात ठीक आहे," आप्पा म्हणाले. "घरात नको."

पदवी झाल्यावर भावाला आणखी एक वर्ष मुंबईत राहायचं होतं. मित्रांचा छोटा बँड जमला होता. धोबीतलावजवळच्या रंगभवनात, उघड्यावर, इंडिपेंडन्स रॉक नावाचा मोठा कार्यक्रम व्हायचा, तिथं एकदा उभं राहायचं, एवढंच त्याचं स्वप्न. आप्पांनी मला निरोप धाडला, "तुझं ऐकेल तो. तूच सांग."

मी सांगितलं. बेळगावच्या आमच्या स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता. "यातून कुणाचं घर चाललंय का रे?"

तो म्हणाला, "तू कविता लिहायचीस. त्यातून चालणार होतं का घर?"

"म्हणूनच सोडल्या," मी म्हणाले. आणि वर मला त्याचा अभिमान वाटला.

तो निपाणीला परतला, वखारीत बसायला लागला. दसऱ्याच्या आवराआवरीत ती गिटार मीच शिडीवर चढून माळ्यावर ठेवली.

त्यानंतर घरोघरी केबल आली. एके दुपारी टीव्हीवर 'प्रिटी चाइल्ड' लागलं आणि मी हातातलं निवडणं टाकून बघत राहिले. त्या गाण्याला एमटीव्हीचं आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचं पारितोषिक मिळालं होतं. १९९३ साली बँडनं नाव बदलून 'इंडस क्रीड' ठेवलं, १९९५ साली त्याच नावानं अल्बमही काढला. मी फोन केला तर भाऊ म्हणाला, "बघितलं मी." एवढंच.

पण ज्या टीव्हीनं त्यांना घराघरांत नेलं तो टीव्हीच फिरला. १९९५ साली अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं, हिंदी पॉपची लाट उसळली आणि वाहिन्यांनाही तेच हवंसं झालं. इंग्रजीत स्वतःची गाणी करणाऱ्या मुंबईकर पोरांना जागा उरली नाही. १९९७ साली बँड मोडला. उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेला, बाकीचे आपापल्या वाटांनी गेले.

मला कळलं तेव्हा रक्षाबंधन जवळ होतं. राखी बांधता बांधता म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

त्यानं हात मागे घेतला नाही. "तेरा वर्षं वाजवलं की गं त्यांनी," तो शांतपणे म्हणाला.

त्या दिवशी मला ते सांत्वन वाटलं, स्वतःचं केलेलं. आज वाटतं, हिशेब त्याचाच बरोबर होता. त्यानं वाजवलेली वर्षं मोजली, मी फक्त मोडलेला दिवस मोजला. संसारात आपण बायका असंच मोजतो. लोणचं किती टिकलं, साडी किती टिकली, लग्न टिकलं का. जे टिकलं नाही ते वाया गेलं, असं आपणच आपल्या मुलांना शिकवतो. २०१० साली ती मंडळी पुन्हा एकत्र आली, २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' नावाचा नवा अल्बम काढला, हे भाचीनं मोबाइलवर दाखवलं. पण ते परत आले नसते, तरी ती तेरा वर्षं तेरा वर्षंच राहिली असती.

चाळिशीनंतर मी पुन्हा लिहायला लागले तेव्हा "यातून घर चालतं का?" असं मला कुणी विचारलं नाही. गृहिणीच्या लिहिण्याकडून कुणाची काही अपेक्षाच नसते, म्हणून तिला मोकळीक. भावाकडून सगळ्यांच्या सगळ्याच अपेक्षा होत्या, म्हणून त्याला एक वर्षही मिळालं नाही. आणि ते नाकारायला आप्पांनी कविता सोडलेल्या बहिणीला पाठवलं.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. सूर्यास्ताआधी भाऊ जेवायला आला, तर ती गिटार पुसत बसलेली. तो क्षणभर दारातच थांबला.

"शिडीवर मीच चढले होते," मी म्हणाले. "चुकलं माझं."

"तू नसतीस तर आप्पांनी दुसरं कुणी पाठवलं असतं," तो म्हणाला. ते खरं होतं, पण त्यानं माझं ओझं हललं नाही. मग त्यानं गिटार मांडीवर घेतली, उरलेल्या तारांवरून अंगठा फिरवला. आवाज भसाडा आला. "तारा बदलायला हव्यात," म्हणाला आणि हात धुवायला गेला.

परतताना भाची आणि मी एकाच बसनं आलो. धोतरातली गिटार माझ्या गुडघ्यांत उभी. कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं, "इदु यारदु?" ही कुणाची?

"नम्म तम्मनदु," मी म्हणाले. माझ्या धाकट्या भावाची.