अरे, पंखा कुठंय?

जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावात कित्येक दिवस वीज नव्हती. आजीचा मोबाईल बंद, इकडे आम्ही हवालदिल. तेव्हाच ठरवलं, पुढे इंजिनिअरिंगला गेलो तर प्रोजेक्ट करायचा तो पिशवीत मावणाऱ्या जनरेटरचाच!

मॉडेल विमानाचं ६.५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि त्याला जोडलेली १००० केव्हीची ब्रशलेस मोटर. (केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे हं, एका व्होल्टमागे आरपीएम!) १२,००० आरपीएमला साधारण १२ व्होल्ट. सहा डायोड लावून डीसी केला. बल्ब पेटला, आम्ही नाचलो आणि तीन मिनिटांत इंजिन जॅम!

सर म्हणाले, "अरे, पंखा कुठंय?" विमानात इंजिनाला गार ठेवणारा वारा पुढचा पंखाच देतो. आम्ही तो 'फालतू वजन' म्हणून काढून ठेवला होता. खिसे रिकामे करून दुसरं इंजिन आणलं, पंखा बसवला.

दिवाळीत गावी नेऊन गाडीच्या चार्जरने आजीचा फोन चार्ज केला. मेथॅनॉल भराभर संपतं, कारण त्यात पेट्रोलच्या निम्मीच ऊर्जा. आणि आवाज? आजी ओरडून म्हणाली, "बाळा, फोन झाला रे चार्ज, पण या गोंगाटात बोलू कशी?"

मंडळी, सायलेन्सरचं काम ज्युनिअर्सवर सोपवतोय!