वैनगंगा, धरणाच्या वर आणि खाली

उमरेडच्या कोळसा खाणी मागे टाकून कुहीमार्गे आंभोऱ्याला गेलं की आम आणि कन्हान या नद्या वैनगंगेला मिळतात, ती जागा येते. पण कुठलं पाणी कोणत्या नदीचं, हे आता ओळखू येत नाही. गोसीखुर्द धरणाने अडवलेलं पाणी इथवर फुगलेलं आहे. चैतन्येश्वराच्या टेकडीवरून मला दिसतं ते तळंच: पाण्यात उभे राहिलेले झाडांचे वाळके सांगाडे, काठाला जलपर्णी. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून इथे येतं. वाहत्या नदीने ते पुढे नेलं असतं (म्हणजे दुसऱ्याच्या दारात, हेही खरं). इथे ते मुरतं आणि जलपर्णी पोसतं. वेग गेला की गाळही खाली बसतो. नदीत पाणी किती, याची चर्चा आपण फार करतो. धरण त्याहून जास्त बदलतं ते पाणी हलण्याची वेळ, आणि ती ठरवणारा.

भिवापूरवरून पवनीकडे वळलं की हा मुद्दा गोसीखुर्दच्या 33 दरवाजांच्या रूपात समोर उभा राहतो. 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेलं हे धरण मुख्यतः सिंचनासाठी आहे. सिंचनाला पावसाळा सरताना जलाशय भरलेला हवा. पूर अडवायचा तर त्याच दिवसांत तो रिकामा हवा. ऑगस्ट 2020 अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, वर तिथल्या संजय सरोवर धरणातून विसर्ग वाढला, गोसीखुर्दचे सगळे दरवाजे उघडावे लागले आणि खाली ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडची गावं पाण्याखाली गेली. धरण नसतं तर पूर आला नसता का? आलाच असता, एवढ्या पावसात नदी ऐकत नाही. पण पाऊस पाहून पुराचा अदमास घेणाऱ्या काठच्या माणसाला आता दोन राज्यांतल्या दरवाजांचा अदमास घ्यावा लागतो, आणि तो आभाळाकडे पाहून येत नाही.

धरणामुळेच धानाला पाणी मिळतं, हा आक्षेप वजनदार आहे आणि मला तो मान्य आहे. नागपूरची तहान मुख्यतः पेंच नदीवरचं तोतलाडोह धरणच भागवतं. मात्र 2019 च्या जुलैत पाऊस लांबला, वर मध्य प्रदेशात चौराई धरणाने पेंच आधीच अडवलेली होती आणि नागपूरला एक दिवसाआड पाणी घ्यावं लागलं. धरणाच्या खाली राहणाऱ्याची गत काय, हे शहराला तेव्हा कळलं. पात्रातल्या वाळूत डांगरं लावणाऱ्याची गत याहून नाजूक: पाणी ओसरण्याच्या भरवशावर त्याचं पीक, आणि उन्हाळ्यातला एक अवेळी विसर्ग ते घेऊन जातो. म्हणून धरण पाडा असं मी म्हणत नाही. ऑगस्टमध्ये पुरासाठी किती जागा मोकळी ठेवणार आणि उन्हाळ्यात पाणी कधी सोडणार, हे दोन आकडे हंगामाआधी खालच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लागावेत, आणि संजय सरोवराचा विसर्गही त्याच फळ्यावर यावा.