कच्चें मडकें

माझ्या उजव्या पोटरीवर एक जुना व्रण आहे. लहानपणीं शेजारच्या घरांतील एका पांढऱ्याशुभ्र पामेरियनानें तो मला बहाल केला. "लाडांत आलें हो तें!" असें त्याचे मालक हंसत म्हणाले. त्या लाडांची किंमत मला पोटांत १४ सुया टोंचून घेऊन द्यावी लागली. एवढें होऊनहि पामेरियन ही जात दुष्ट आहे असें आमच्या आळींत कुणीं म्हटलें नाहीं. मलाहि तसें कधीं वाटलें नाहीं.

मग २०२४ सालच्या मार्चांत मीं त्या अर्जावर सही कां केली?

गोष्ट अशी झाली. १२ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानें सर्व राज्यांस एक पत्र धाडलें. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो इत्यादि २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री बंद करावी आणि जीं घरोघरीं आधींच आहेत त्यांचें निर्बीजीकरण करावें, असा त्याचा आशय होता. यादी मोठी गमतीची होती. 'टोसा' तींत दोन ठिकाणीं आला होता. आणि 'टेरियर' असें एकच मोघम नांव घालून जेमतेम तीन किलो भरणाऱ्या यॉर्कशायर टेरियरलाहि तिनें हिंस्र श्वापदांच्या पंक्तीस बसविलें होतें. पण भ्यालेला मनुष्य यादी वाचतो ती पारखण्यासाठीं नव्हे. आपल्या शेजारचें नांव तींत आहे का, एवढेंच तो पाहतो.

आमच्या आळींतील एका निवृत्त गुरुजींचा राजा हा रॉटवायलर होता. काळाकभिन्न, रुंद छातीचा. पण चार वर्षांत त्यानें कुणास ओरखडाहि काढला नव्हता. शेजारी अर्ज घेऊन आले तेव्हां "यादींत आहे ना?" एवढा एकच प्रश्न मीं विचारला आणि सही ठोकली. गुरुजींनीं वाद घातला नाहीं. आठ दिवसांत राजा कुणा नातलगाच्या शेतावर गेला.

पुढें १० एप्रिल २०२४ रोजीं कर्नाटक उच्च न्यायालयानें तें पत्र रद्द ठरविलें. ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार त्यांचें म्हणणें कुणीं ऐकून घेतलें नव्हतें, हा त्यांतील एक आक्षेप. निकाल महिन्याच्या आंत लागला. राजा मात्र परतला नाहीं. शेतावर अष्टौप्रहर साखळीला बांधलेला तो आतां माणसांवर दांत विचकतो, असें ऐकतों. ज्या राजाची आम्हांला भीति वाटत होती, तो आम्हींच घडविला.

जातीचें महत्त्व आम्हां धाराशिवकरांस कुणीं शिकवावयास नको. जिल्ह्याचें नांव बदललें, तरी 'उस्मानाबादी' शेळी आपल्या जुन्याच नांवानें दूरवर ओळखली जाते. जुळीं करडें देण्याबद्दल तिची ख्याति आहे. पण बाजारांत शेळी घेणारा केवळ नांवावर पैसे मोजीत नाहीं. तो तिचे दांत पाहतो, कास चांचपतो, तिला चार पावलें चालवून बघतो. जात अंदाज देते; पारख त्या त्या जनावराचीच करावी लागते. कुत्र्यांचेंहि तसेंच. २०२२ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत १८,००० हून अधिक कुत्र्यांची माहिती तपासली होती. त्यांच्या वागणुकींतील फरकांपैकीं सुमारें ९ टक्केच जातीवरून उलगडले. आमच्या माळावरील धनगराचा कुत्रा लांडग्याला अंगावर घेतो, आणि त्याच धनगराचें पोर रात्रीं त्याच्या कुशींत निजतें.

मोठा जबडा मोठी जखम करतो, हें मी नाकारीत नाहीं. जिचें मूल अंगणांत खेळत आहे त्या आईची भीति खोटी नाहीं. म्हणूनच नियम कडक हवा. पण तो धन्यावर हवा. नोंदणी, पट्टा, लस. रस्त्यावर मोकळें सोडल्यास दंड. आणि जें कुत्रें खरोखर चावलें त्याचा बंदोबस्त, मग तें मांडीवर मावणारें कां असेना! पिसाळण्याचा रोग कुळी विचारून होत नाहीं. ब्रिटननें १९९१ सालीं चार प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घातली. ३२ वर्षांनीं तिला पांचवें नांव जोडावें लागलें. हॉलंडनें आपली पिटबुलबंदी उठविण्याचें २००८ सालींच ठरविलें.

जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची खोड आपल्या देशास नवी नाहीं. १८७१ च्या कायद्यानें इंग्रजांनीं माणसांच्या अख्ख्या जमातींवर तो शिक्का मारला. शेजारच्या सोलापुरास त्यांना तारेच्या कुंपणांत ठेविलें. कायदा १९५२ सालीं रद्द झाला, डाग अजून पुसलेला नाहीं. माणसांचें तें दुःख आणि कुत्र्याची ही गोष्ट एका मापानें मोजण्याचा माझा हेतु नाहीं. पण न पाहतां, न ऐकतां निवाडा करणारें आळशी मन दोन्हींकडे तेंच.

गुरुजी अजून संध्याकाळीं फिरावयास जातात. एकटेच; पण डावा हात अंगापासून किंचित् दूर, पट्टा धरल्यासारखा. परवां मीं त्यांना गांठून त्या सहीबद्दल क्षमा मागितली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "सही करण्यापूर्वी एकदा येऊन त्याच्या डोक्यावर हात तरी ठेवून पाहायचा होता."

तें ऐकलें आणि मला आमच्या जवळचें तेर आठवलें. गोरोबाकाकांनीं संतमेळाव्यांत थापटणें हातीं घेऊन एकेकाचें डोकें ठोकून पाहिलें व नामदेवांना कच्चें मडकें ठरविलें, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. काका जातीचे कुंभार. पण एका आव्यांतलीं म्हणून सगळीं मडकीं पक्कीं, किंवा सगळीं कच्चीं, असें त्यांनीं मानलें नाहीं. तें थापटणें त्या मार्चांत आमच्या आळींतून फिरलें असतें, तर राजा बहुधा पक्का निघाला असता. कच्चें मडकें कोणाचें निघालें असतें, तें सांगावयास कुंभार नको.